आमच्या ह्यांची भरगच्च सभा

आमचे हे बोलायचे. तोच त्यांचा धंदा. कुणी विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात, तर मी सरळ सांगायचे, बोलतात. समोरच्याला वाटायचं, बाई चिडलीय. चिडलेली मी असायचेच, पण ते खरंही होतं. शाळेचं बक्षीस वितरण, दुकानाचं उद्घाटन, सायकलींची शर्यत, कुणाचा निरोप समारंभ, आणि निवडणुका आल्या की प्रचारसभा. जिथं माईक तिथं हे. गल्लीतली पोरं त्यांना माईककाका म्हणायची, आणि ते त्यांना आवडायचं, हे आणखी वाईट.

निवेदकाला काम काय असतं हे बाहेरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, 'आता मी विनंती करतो' एवढं म्हटलं की झालं. अहो, कुठला पुढारी वेळेवर येतो? सभेची वेळ झाली तरी स्वारी घरी दाढी करत असते. तोवर लोकांना धरून ठेवायचं ते ह्यांनी. विनोद सांगायचे, मागच्यांना पुढे बोलवायचं, पुढच्यांना सरकायला लावायचं, कुणाची किल्ली सापडली तर ती जाहीर करायची, टाळ्या वाजवायची सवय लावून ठेवायची. हे सगळ्या पक्षांसाठी. शेजारच्या वहिनी टोचायच्या, "काय हो, काल त्यांचे गोडवे गात होता, आज ह्यांचे?" हे म्हणायचे, "वहिनी, मी माईकच्या पक्षाचा. हा पक्ष कधी पडत नाही."

स्टेजवर चष्मा घालायचा नाही हा त्यांचा एक हट्ट. चष्म्यातला माणूस मास्तर वाटतो म्हणे. त्यामुळे समोरची माणसं त्यांना कधीच नीट दिसली नाहीत, नुसता रंगांचा गालिचा दिसायचा, आणि त्यावरूनच ते ओळखायचे की गर्दी किती. दुसरा हट्ट माईकचा. निवेदकानं माईक खाली ठेवून निघून जायचं नाही. पुढच्या माणसाचं नाव घ्यायचं, तो आला की त्याच्या हातात माईक द्यायचा, मगच बाजूला व्हायचं. तोवर बोलत राहायचं. एकदा शाळेच्या कार्यक्रमात पाहुणे लिफ्टमध्ये अडकले, तर लिफ्टवाला येऊन त्यांना सोडवेपर्यंत हे गोष्टी सांगत राहिले. मुलं झोपली, मुलांचे आईबाप झोपले, ह्यांचं चालूच. मी म्हटलं, "अहो, पाच मिनिटं गप्प बसला असता तर आभाळ कोसळलं असतं का?" तर म्हणे, "माईक हातात असताना गप्प बसणं म्हणजे लोकांना घरी जा म्हणणं."

मी कपडे दुरुस्त करते. बाहेरच्या खोलीत मशीन आहे. चेन बदलणं, पँट आखूड करणं, बारीक झालेल्यांचे कपडे आत घेणं आणि सुटलेल्यांचे बाहेर काढणं. दिवसभर मशीनचा आवाज आणि वर ह्यांचा. सकाळी उठल्या उठल्या गुळण्या, मग आ, ई, ऊ, मग आरशासमोर उभं राहून 'उपस्थित बंधू आणि भगिनींनो'. घरात उपस्थित कोण, तर मी आणि आमची ठकी. ठकी म्हणजे आमची एकुलती एक लेक, कॉलेजात शिकते. लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा आरशाशी बोलतात.

मग त्यांचा घसा बसायला लागला. आधी आम्ही सर्दी समजलो. सर्दी जाईना. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, स्वरयंत्रावर गाठी आहेत. वाईट नाहीत, पण ओरडाल, ताणाल, तर एक दिवस आवाज जाईल आणि गेला तर जसा होता तसा परत येणार नाही. छोटे कार्यक्रम करा, अर्ध्या तासाचे. सभा बंद. बाई तरुण होत्या, ठकीहून थोड्याच मोठ्या. हे त्यांना काहीतरी विनोद सांगायला गेले. त्या हसल्या नाहीत.

घरी आल्यावर ठकीनं त्यांच्याकडून शपथ घेतली. "माझ्या गळ्याची शपथ घ्या, सभेला जाणार नाही." त्यांनी घेतली. आणि खरं सांगायचं तर तसंही सभांना त्यांना कोण बोलवत होतं? अलीकडे सगळीकडे पोरं आली होती, लॅपटॉप घेऊन धडाधड गाणी लावायची, मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवायची. ह्यांना मिळायची दुकानाची उद्घाटनं आणि तिथंही लोक फुगे बघायचे. ते बोलून दाखवत नव्हते, पण जेवताना मध्येच म्हणायचे, "मैदान भरलेलं असायचं तेव्हा, आठवतं का तुला?" मी म्हणायचे, "आठवतं. भात वाढू?" दुसरं काय म्हणणार?

निवडणूक आली. साहेब पुन्हा उभे होते. साहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी, सगळेच त्यांना साहेब म्हणतात, शिव्या देणारेसुद्धा. त्यांच्यावर ठकीच्या कॉलेजातली पोरं फार चिडलेली. मुलींचं वसतिगृह पाडून ती जागा साहेबांनी कुठल्याशा बिल्डरला देऊन टाकली होती. ठकीची जिवलग मैत्रीण त्यात राहायची. तिला बाहेर खोली परवडेना, ती शिक्षण सोडून गावी गेली. ठकी त्या दिवशी रडली नव्हती. भांडी इतकी आपटली की एका पातेल्याला पोचा आला. म्हणून मला तिच्या रागाचं काही वाईट वाटलं नाही. मीसुद्धा साहेबांना मत देणार नव्हतेच.

त्या आठवड्यात ठकी सारखी फोनमध्ये तोंड खुपसून खुदूखुदू हसायची. मी विचारलं, "एवढं काय गं?" तर म्हणे, "काही नाही गं आई, गंमत." ह्यांचंही काहीतरी चाललं होतं. गुळण्या वाढल्या होत्या. जुना निळा कोट कपाटातून निघाला आणि माझ्यापुढे आला, "जरा कंबरेत आत घेतेस का?" मी म्हटलं, "कशाला? कुठे लग्नाला उभं राहायचंय?" म्हणाले, "चपलांच्या दुकानाचं उद्घाटन आहे. मालक मोठा माणूस आहे." चपलांच्या दुकानाला कोट! पण मी मशीनवर बसलेली, तीन गिऱ्हाईकांचं काम डोक्यावर, मी घेतला आत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कोट घालून गेले. घरात आम्ही दोघीच. मी एका जॅकेटची चेन उसवत होते. ठकी समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली, कानात ते फोनचं बोंडूक घालून मैत्रिणींशी बोलत, आणि फोनकडे बघून हसत. हसता हसता तिला ठसका लागला. मग म्हणाली, "आई, बघायचीय गंमत?"

गंमत अशी होती. साहेबांच्या सभेसाठी पक्षानं इंटरनेटवर नावं नोंदवायला सांगितली होती. नाव आणि फोन नंबर टाकला की लगेच पडद्यावरच फुकट पास मिळणार. ह्या पोरांनी ठरवलं, आपणच सगळ्या जागा नोंदवायच्या आणि जायचं नाही. एकाला सांगितलं, त्यानं दहांना. एकीनं मांजराच्या नावानं पास काढला, एकानं गणिताच्या सरांच्या, एकानं तर चक्क साहेबांच्याच नावानं पंधरा काढले. फोन नंबर मनाला येतील ते. बघता बघता नोंदणी हजारोंत गेली. पक्षवाले खूष. पेपरला बातमी दिली, तरुणांचा प्रचंड प्रतिसाद. शहरातलं सगळ्यात मोठं सभागृह घेतलं. आणि आज, ठकी म्हणाली, तिथं चिटपाखरू नाहीये. पक्षाचेच लोक ते जगाला थेट दाखवतायत आणि त्यांना बंद करायचंही सुचत नाहीये.

मी म्हटलं, "शाब्बास. नसती उठाठेव." पण हसू मलाही आलं, नाही असं नाही. साहेबांची जिरली तर कुणाला नको होतं?

तिनं फोन माझ्यापुढे धरला. एवढ्याशा पडद्यावर खुर्च्याच खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर एक झेंडा ठेवलेला. अगदी लांब, टोकाला, स्टेजवर एक माणूस उभा. ठकी म्हणाली, "आणि हा बघ ना, हा म्हातारा. कधीपासून एकटाच बडबडतोय. सगळे ह्यालाच बघतायत. आम्ही आवाज बंद करून त्याच्या तोंडी काहीबाही वाक्यं घालतोय."

माणूस नखाएवढा दिसत होता. तोंड दिसत नव्हतं. पण कोट निळा होता, आणि कंबरेत आदल्याच दिवशी आत घेतलेला होता.

मी म्हटलं, "आवाज मोठा कर."

"अगं, काही ऐकण्यासारखं नाहीये."

"कार्टे, आवाज मोठा कर!"

तिनं कानातलं काढलं आणि आवाज वाढवला. 'मंडळी वाटेत आहेत,' फोनमधून आलं. 'रस्त्यात गर्दी आहे, आपण समजू शकतो. एवढ्या संख्येनं लोक निघाले की रस्ते पुरे पडत नाहीत. तोवर मी आपल्याला एक किस्सा सांगतो.' आवाज फाटलेला होता. कडेकडेनं उसवलेला. किस्सा मला पाठ होता.

ठकीचं तोंड मी आजन्म विसरणार नाही. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. ती म्हणाली, "बाबा तर चपलांच्या दुकानात गेलेत ना?" जणू मी हो म्हटलं असतं तर ते तिथं गेले असते.

त्यांना फोन लावला. स्टेजवर जाताना ते फोन बंद करून पिशवीत टाकतात, हे दोघींना माहीत होतं, तरी लावला. पक्षाच्या पत्रकावरचा नंबर शोधून लावला, तो कुणी उचलेना. मी चप्पल घातली, मशीन तसंच, गिऱ्हाईकाचं जॅकेट तसंच. बसस्टॉपपर्यंत आम्ही पळतच गेलो. माझं वय पळायचं नाही, पण डॉक्टरीणबाईंचं वाक्य कानात घुमत होतं, गेला तर परत येणार नाही. अर्धा तास म्हणाल्या होत्या त्या. हे किती वेळ बोलत होते कोण जाणे!

बसमध्ये ठकीनं फोन हातात धरून ठेवला होता. बंद कर म्हटलं तरी करेना. हे बोलतच होते. आता आवाज मधेच जायचा, मग खाकरायचे, 'क्षमा करा' म्हणायचे, पुन्हा सुरू. आता दुसरा किस्सा. मग ज्येष्ठांना विनंती, की मागे बसू नका, पुढे जागा आहे. जागा आहे! शेजारी बसलेला माणूस हसून म्हणाला, "हा माणूस फेमस होणार." ठकीच्या फोनवर वरून टपटप मेसेज पडत होते. 'म्हातारा थांबेना', 'ह्याला कुणीतरी पाणी द्या रे', आणि हसणारी तोंडं. तिनं एकदाच लिहिलं, 'थांबवा हे, प्लीज.' त्यावरही हसणारी तोंडं आली. माझे बाबा आहेत, हे तिनं लिहिलं नाही. मी तिला बोलू लागले ते बोलतच राहिले. अक्कल आहे का, शरम आहे का, शिकवलं ते ह्यासाठी का. मग ह्यांना बोलले, खोटारडा माणूस, लेकीच्या गळ्याची शपथ घेतो आणि खुशाल जातो. मग साहेबांना. माझं बोलणं संपलं तरी बस सिग्नललाच उभी होती.

सभागृहाच्या दारात एक पहारेकरी होता. हातात ते पास तपासायचं यंत्र. म्हणाला, "पास दाखवा."

मी म्हटलं, "अरे बाबा, आत कुत्रं नाही आणि तुला पास हवाय?"

"मावशी, वरून ऑर्डर आहे. पासशिवाय सोडायचं नाही."

"वर कोण आहे आता? बोलव त्याला."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. मघाशी होते, म्हणाला, आता दिसत नाहीत. तरी दार सोडीना. तेव्हा ठकीनं मुकाट्यानं फोन पुढे केला. तिच्याकडे पास होते, हवे तेवढे. त्यानं यंत्र धरलं, यंत्र टुक् करून वाजलं, पहारेकरी म्हणाला, "या, सर." कुणाच्या नावाचा होता देव जाणे. माझाही तसाच वाजला. त्या हजारो नावांतली प्रत्यक्ष आलेली आम्ही दोघीच.

आत गारठा होता. एवढ्या माणसांसाठी गार केलेली हवा आणि माणसं नाहीत. ओळीच्या ओळी खुर्च्या, झेंडे, पाण्याच्या सीलबंद बाटल्या. मधे तिकाटण्यावर कॅमेरा, त्याच्यामागे कुणी नाही. स्टेजच्या बाजूचं दार अर्धवट उघडं. आणि वर दिव्यांच्या झोतात हे. एक हात पाठीमागे, एका हातात माईक, कपाळावर घाम. ह्या गारठ्यात घाम.

चष्मा नव्हता. दारात काहीतरी हललं एवढंच त्यांना दिसलं असणार. त्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! "या, या!" ते म्हणाले. "आली, मंडळी यायला लागली. ताई, मागे नका बसू, अशा पुढे या. तुमच्यामागचे लोकही येऊ देत." आणि पाठ ताठ करून, श्वास घेऊन, त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. "उपस्थित बंधू आणि भगिनींनो." आमच्यासाठी. आवाज कुठला तो, पत्र्यावर वाळू ओढल्यासारखी नुसती खरखर, पण सगळा जोर लावून.

मी दारातच उभी राहिले. मला ओरडायचं होतं, अहो, बस करा. पण ओरडले असते तर एवढ्या मोठ्या सभागृहात त्यांना कळलं असतं की आलेली ताई म्हणजे कोण. मला ते करवेना. ठकी मात्र चालत गेली, सरळ मधल्या वाटेनं. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "बसा ना, जागा भरपूर आहे." ती थांबली नाही. पायऱ्या चढली आणि त्यांच्यासमोर हात पुढे करून उभी राहिली.

त्यांना वाटलं, कुणी कार्यकर्ती आहे. माईक बाजूला धरून हळूच विचारलं, "साहेब आले?"

ठकी म्हणाली, "आले, बाबा."

बाबा ऐकल्यावर त्यांनी डोळे बारीक केले आणि तिला ओळखलं. तिच्याकडे बघितलं, मग पलीकडे माझ्याकडे. काय समजले ते त्यांनाच ठाऊक. पण पाहुणे आले म्हटल्यावर नाव जाहीर करायलाच हवं. त्यांनी माईक तोंडाशी नेला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. लाउडस्पीकरमधून नुसती हवा आली, सगळ्या सभागृहभर. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. माईक ठकीच्या हातात दिला, तिच्याकडे बघून जरासे वाकले, सगळ्या पाहुण्यांपुढे वाकायचे तसे, आणि बाजूला झाले.

नंतर कळलं ते असं. साहेब निघाले होते. वाटेत त्यांना कुणीतरी कळवलं की हॉल रिकामा आहे. त्यांनी गाडी वळवली. मग आयोजक एकेक करून बाजूच्या दारानं पांगले. निवेदकाला कुणीतरी सांगा रे, असं म्हणे प्रत्येकानं दुसऱ्याला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक फोनवर मलाच बोलला, "काका बोलायचे थांबले असते तर एवढा तमाशा झाला नसता." मी त्याला जे सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली. आत रक्त साकळलं होतं. म्हणाल्या, पूर्ण मौन. कुजबूजसुद्धा नाही. मग बघू काय उरतंय ते. घरी येऊन हे खाटेवर बसले ते बसले. टाळी वाजवली की पाणी, भिंतीवर ठोकलं की चहा. इतकी वर्षं मी म्हणत आले, जरा गप्प बसा हो, आणि आता हा गप्प बसलेला माणूस बघवेना. मशीन चालवताना मधेच थांबून कान द्यायची मला सवय लागली. काही ऐकू यायचं नाही. रात्रीपर्यंत मी इतकी थकायचे की गिऱ्हाईकाला उलटी बाही जोडून दिली एकदा.

त्यांचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. कुणी गाणं लावलं, कुणी खाली ओळी लिहिल्या. बाजारात पोरं एकमेकांना हाका मारायची, 'मंडळी वाटेत आहेत!' ह्यांच्या कानावर पडायचं, ते हात वर करून दाखवायचे. वाईट वाटलं की नाही, विचारणार कसं आणि ते सांगणार कसं?

ठकी जेवेना. कॉलेजला जायची, यायची, त्यांच्या गोळ्या द्यायची, पाणी कोमट करून ठेवायची. त्यांना वाटलं, आपल्या आजारपणाचं घेतलंय तिनं मनाला. उलट तेच तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. मग ती आत जाऊन रडायची. मला म्हणाली, "आई, तू सांग ना त्यांना." मी म्हटलं, "मी का? मी सभा भरवली होती?" कडक बोलले. पण खरं म्हणजे माझ्यातही ते बोलायचं बळ नव्हतं. कोणाची बाजू घेऊ? तिला राग होता तो काही खोटा नव्हता. तिच्या मैत्रिणीचं शिक्षण गेलं ते गेलंच. साहेब तर निवडूनसुद्धा आले. ज्याच्यासाठी खड्डा खणला तो बाजूनं निघून गेला आणि पडले ते आमचे हे.

मौन सोडायच्या दिवशी आम्ही तिघंही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आ म्हणा." त्यांनी म्हटलं. दाराच्या फटीतून वारा यावा तसं काहीतरी आलं. बाईंनी आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि सांगितलं, हे आहे ते आहे. दिवसाकाठी चार-दोन वाक्यं, हळू. माईक आता नाही. ह्यांनी मान डोलावली आणि बाईंना नमस्कार केला. विनोद सांगायला गेले नाहीत.

घरी आलो. मी मशीनवर बसले, दुसरं काय करणार. हे खाटेवर. ठकी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "बाबा, मला सांगायचंय." आणि सांगितलं. सगळं. वसतिगृहापासून मांजराच्या नावापर्यंत. तुम्ही तिथं असाल हे माहीत असतं तर केलं नसतं, म्हणाली. तुम्ही जाणार नाही म्हणाला होता ना, म्हणाली. ते आरोपासारखं नव्हतं, रडतच म्हणाली.

मी मशीन थांबवलं. मला वाटलं, आता तिला हाकलतील. किंवा जवळ घेतील. दोन्हीपैकी काही झालं असतं तरी मला चाललं असतं, एकदाचं संपलं असतं.

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मग त्या फाटक्या आवाजात, प्रत्येक शब्दाला थांबत म्हणाले, "साहेबांसाठी नव्हतो गेलो गं मी. पक्षवाले म्हणाले, हजारो लोक येणार आहेत. म्हणून गेलो."

ठकीनं तोंड झाकून घेतलं.

ते खाकरले. मी म्हटलं, पुरे आता, बोलू नका. त्यांनी हातानं मला थांबवलं, आणि ठकीकडे जरा वाकून विचारलं, "सगळीच नावं खोटी होती? एक तरी खरं असेल की."

तिनं मान हलवली. "एकसुद्धा नाही, बाबा."

"असं," ते म्हणाले. आणि त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.